खडूने लिहिलेले पाच पदार्थ

मे महिन्यात मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोप सहलींत बेल्जियमच्या वाट्याला फार तर अर्धा दिवस येतो. पॅरिसहून ॲमस्टरडॅमकडे निघालेली बस ब्रसेल्सला थांबते. ग्रां प्लासच्या चौकात फोटो, दोन गल्ल्या पुढे लघवी करणाऱ्या पोराचा हात-सव्वा हात उंचीचा पुतळा आणि ‘एवढाच?’ हा ठरलेला उद्गार, ॲटोमियमपुढे पुन्हा फोटो, चॉकलेटची खरेदी. संध्याकाळी एखाद्या भारतीय रेस्तराँमध्ये पनीर, दाल, जिरा राइस आणि गुलाबजाम. बस सुटते. बेल्जियम ‘झाला’.

यात सहल कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. चाळीस माणसांत कुणी जैन, कुणी शाकाहारी, कुणाचा गुरुवार, आणि सगळ्यांना जेवण वेळेवर हवे. पनीर हाच त्यातला सुरक्षित मार्ग. तरीही यात तोटा आहे. बेल्जियममध्ये पाहण्यासारखे जे आहे, त्यातले बरेचसे शेजारच्या देशांत अधिक मोठे आणि अधिक देखणे सापडते. खाण्याचे तसे नाही. वीस-पंचवीस खुर्च्या, बहुधा नवरा-बायकोनेच चालवलेले स्वयंपाकघर आणि फळ्यावर खडूने लिहिलेले पाच पदार्थ, अशी खेडवळ वळणाची बिस्त्रो ही त्या देशाची खरी मिळकत आहे. आणि ती पाहायला तिकीट लागत नाही, फक्त भूक आणि थोडी सवड लागते.

ब्रसेल्समध्ये अशा जागेला जुना शब्द एस्तामिने. फ्लेमिश भागात एटकॅफे म्हणतात, म्हणजे जेवण देणारा कॅफे. बिस्त्रो हा पॅरिसकडून आलेला शब्द. १८१४मध्ये पॅरिसमध्ये शिरलेले रशियन सैनिक ‘बिस्त्रो, बिस्त्रो’, म्हणजे ‘लवकर, लवकर’, असे ओरडत आणि त्यावरून हे नाव पडले, ही गोष्ट पर्यटकांना सगळीकडे ऐकवतात. भाषातज्ज्ञांना ती पटत नाही, कारण छापील फ्रेंचमध्ये हा शब्द दिसू लागतो तो थेट १८८०च्या दशकात. बेल्जियन बिस्त्रोत एकदा बसले की ती खोटी असणार हे व्युत्पत्तीकोशाशिवायही कळते. तिथे लवकर काहीच होत नाही.

फळ्यावरचा पहिला पदार्थ बहुतेक वेळा स्टोफव्लेस. फ्रेंच बोलणाऱ्यांकडे त्याचेच नाव कार्बोनाद. गोमांसाचे मोठे तुकडे लोण्यात तांबूस होईपर्यंत परतून बाजूला काढतात. त्याच भांड्यात भरपूर कांदा, मग गडद रंगाची बिअर, थाइम आणि तमालपत्र. पुढची कृती पाहण्यासारखी आहे. पावाचा एक जाड काप घ्यायचा, त्याच्या एका अंगाला मोहरीची चटणी सढळ हाताने थापायची, आणि ती बाजू खाली करून काप रश्श्यावर तरंगत ठेवायचा. वर झाकण, खाली मंद आच. तासाभरात पाव भिजून खचतो, मग डावाच्या दोन फेऱ्यांत विरघळतो आणि रश्श्याला अंग येते. आपल्याकडे भाजलेले खोबरे किंवा बाजरीचे पीठ जे काम करते, ते इथे कालचा पाव करतो. काही घरांत पावाऐवजी मसाल्याचा केक घालतात. लिएजकडे सफरचंद-नाशपाती आटवून केलेला, थेट काकवीसारखा दिसणारा पाक शेवटी चमचाभर पडतो. मोहरी कुठली यावरूनही वाद घालता येतो. गेंट शहरात तीरेनटाइन नावाचे दुकान १७९०पासून मोहरीच विकत आले आहे आणि तिथली मोहरी नाकात चढते तेव्हा कोल्हापूरकराच्याही डोळ्यांत पाणी येते.

या सगळ्याला तीन तास लागतात. कमी नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने सांगितल्यावर हा पदार्थ करता येत नाही, तो सकाळीच शिजत ठेवलेला असावा लागतो. सकाळी किती शिजवायचे हा बिस्त्रोवाल्याचा रोजचा जुगार. जास्त केले तर उद्या उरते (खरे तर उद्या ते जास्तच मुरते, पण हे गिऱ्हाइकाला सांगायचे नसते), कमी केले तर साडेआठला संपते. अशा जुगारात पाचच पदार्थ परवडतात. साठ पदार्थांचे प्लास्टिक लावलेले मेन्यूकार्ड ज्या छोट्या जागेत हातात येते, तिथल्या भटारखान्यात चूल कमी आणि फ्रीझर मोठा असतो, हे समजायला तज्ज्ञ असावे लागत नाही.

स्टोफव्लेसबरोबर भात नाही, पोळी नाही, बटाट्याचे फ्रीट. यांना ‘फ्रेंच फ्राइज’ म्हटले तर बेल्जियन माणूस हसून सोडून देतो, पण मनात ठेवतो. पारंपरिक बटाटा बिन्ट्ये जातीचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका डच शाळामास्तरांनी ही जात तयार केली आणि तिला आपल्या विद्यार्थिनीचे नाव दिले. बोटाएवढे काप दोनदा तळतात. आधी दीडशे अंशांच्या आसपास, आतून शिजेपर्यंत. मग बाहेर काढून निवू देतात. मग एकशे ऐंशीला, कुरकुरीत होईपर्यंत. मधला निवण्याचा वेळ खाल्ला की फ्रीट मऊ पडतात. जुन्या पद्धतीने ते तळतात बैलाच्या चरबीत. ही गोष्ट आपल्याकडच्या शाकाहारी प्रवाशांना फार उशिरा कळते. ‘बटाटाच तर आहे’ म्हणून रस्त्यावरच्या फ्रीटच्या टपरीपुढे रांगेत उभे राहिलेल्यांनी आधी तेलाची चौकशी करावी. आता बऱ्याच ठिकाणी वनस्पती तेल वापरतात आणि विचारल्यावर कुणी राग मानत नाही.

मग शाकाहारी माणसाने बिस्त्रोत खायचे तरी काय? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर वाटते तितके वाईट नाही. चीजची क्रोकेट मिळतात. बटाटा आणि गाजर किंवा कोबी एकत्र घोटून केलेला स्टुंप मिळतो, फक्त त्यावरचे सॉसेज नको म्हणून सांगावे लागते. गोमांस नको पण मांसाहार चालतो, त्यांच्यासाठी मलईच्या रश्श्यातले कोंबडीचे वॉटरझोई आहे. गेंटचा हा पदार्थ मूळचा माशांचा, पुढे कोंबडीवर स्थिरावला. एका पाटीपासून मात्र सावध राहावे. ‘फिले आमेरिकँ’ हे नाव वाचून अमेरिकन पद्धतीचे स्टेक येईल असे वाटते. येतो तो खिमा. कच्चा. अंडे, मोहरी, केपर घालून कालवलेला, थंड. बेल्जियन लोकांचा जीव त्यावर आहे, पण ताटात तो पहिल्यांदा पाहणाऱ्या पाहुण्याचा चेहरा पाहण्यात शेजारच्या टेबलांचा पाच मिनिटे वेळ चांगला जातो.

शिंपल्यांबद्दल फार सांगायला नको, त्यांची जाहिरात पुरेशी झाली आहे. गोवा-कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात त्यांचे हे काळे भाऊबंद, नेदरलँड्सच्या झीलंड किनाऱ्यावरून, यर्सेकेच्या लिलावातून येतात. माणशी किलोभर, इनॅमलच्या काळ्या भांड्यात, सेलरी-कांद्याबरोबर वाफवलेले. रिकाम्या शिंपल्याचा चिमटा करून बाकीचे खायचे असतात. तिसऱ्या खाऊन वाढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

विटलोफ मात्र थांबून पाहावा असा. पांढराशुभ्र, टोकाला पिवळसर, मुठीत मावेल असा पानांचा घट्ट कोंब. नावाचा अर्थच ‘पांढरे पान’. एकोणिसाव्या शतकात ब्रसेल्सच्या परिसरात लोकांच्या लक्षात आले की चिकोरीची मुळे अंधारात मातीखाली दडपून ठेवली तर हिरव्या कडू पानांऐवजी असे फिकट, सौम्य कोंब फुटतात. वनस्पती उद्यानाच्या तळघरातून ही पद्धत पुढे आली आणि स्कारबेक, एव्हेर या तेव्हाच्या गावांतले शेतकरी तिच्यावर जगले. आज बहुतेक विटलोफ पाण्यावर, मातीशिवाय वाढतो. मातीतला वेगळा आणि महाग. बिस्त्रोत तो हॅममध्ये गुंडाळून, वर चीजचा पांढरा सॉस ओतून भट्टीत लालसर होईपर्यंत ठेवतात. पहिल्या घासाला गोडसर, मागाहून कडू. आपल्याला चिकोरी माहीत आहे ती फिल्टर कॉफीच्या पाकिटावरून. मिश्रण असल्यास भारतात ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते. ते भाजलेले मूळ आणि हा पांढरा कोंब एकाच जातीच्या झाडाचे. म्हणजे दादरच्या उडपी हॉटेलातल्या कपात आणि ब्रसेल्सच्या भट्टीत एकाच वनस्पतीचा कडवटपणा आहे, एवढे नाते तरी नक्की.

खेडवळपणाची खरी परीक्षा ब्रसेल्सच्या पश्चिमेला, पायोटनलंडमध्ये होते. सोळाव्या शतकात ब्रॉयगेलने जो मुलूख रंगवला, तो हाच. एकामागोमाग एक खड्ड्यात पडणाऱ्या आंधळ्यांच्या १५६८च्या चित्रातले चर्च आजही सिंट-आना-पेडे गावात उभे आहे. त्याचेच ‘शेतकऱ्याचे लग्न’ हे चित्र आता व्हिएन्नात आहे. त्यात वाढपी खिमटीची ताटे चक्क बिजागरीवरून काढलेल्या दारावर मांडून पंगतीत आणतात. या भागातल्या कॅफेत दुपारी बसले तर पुढ्यात येते ती पावाची मोठी चकती. तिच्यावर बोटभर जाडीचा ‘प्लाटेकाझ’, म्हणजे जवळजवळ आपला चक्काच, फक्त थोडा सैल. वर लाल मुळ्याच्या चकत्या आणि पातीचा कांदा. मीठ, मिरपूड. बस. सोबत ग्यूझ नावाची आंबट बिअर, वेताच्या टोपलीत बाटली आडवी ठेवून ओतलेली, म्हणजे तळाचा गाळ हलत नाही.

ही ग्यूझ या मातीबाहेर नीट जमत नाही, असा तिथल्यांचा दावा आहे, आणि त्यात गावाभिमानापलीकडे थोडे शास्त्रही आहे. उकळलेला गव्हा-जवाचा काढा रात्रभर उथळ हौदात उघडा ठेवतात. विरजण लावत नाहीत. हवेतले आणि इमारतीतले यीस्ट त्यात आपसूक पडते. म्हणून हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, थंडीतच. त्या यीस्टमधल्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच ब्रसेल्स आहे. मग लाकडी पिंपांत एक, दोन, तीन वर्षे. ही झाली लॅम्बिक. वेगवेगळ्या वयाच्या लॅम्बिकचे मिश्रण बाटलीत पुन्हा आंबते, ती ग्यूझ. पूर्वी कॅफेवाले स्वतःच्या तळघरात हे मिश्रण करत. शहरात १९००पासून चालत आलेली कांतियों ही लॅम्बिक करणारी भट्टी आता जगभरच्या शौकिनांचे तीर्थ झाली आहे. पायोटनलंडमधले आयझरिंगन गाव मात्र वेगळ्या कारणाने प्रसिद्ध आहे. तिथल्या कॅफेचे नाव ‘मोठ्या तहानेविरुद्धचा विमा’, आणि त्याची ख्याती अशी की तो उघडतो रविवारी.

बेल्जियन बिअर इतकी कडक का, याचे एक उत्तर कायद्यात आहे. १९१९मध्ये समाजवादी मंत्री एमिल वांडरवेल्डे यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि कॅफेत जिन वगैरे कडक मद्य विकायला बंदी आली. तो उठेपर्यंत १९८०चे दशक उजाडले. मधल्या काळात मद्याची उणीव भरून काढायला बिअर चढत गेली, असे तिथले जाणकार मानतात. दारूबंदीने दारू कडक केली, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. २०१६मध्ये युनेस्कोने बेल्जियमची बिअर संस्कृती मानवी वारशाच्या यादीत घेतली. त्या यादीबद्दल अभिमान बाळगायला हरकत नाही, पण यादीत नाव आले म्हणून एकाही कॅफेचे वीजबिल कमी झालेले नाही.

आणि खरे दुखणे बिलांचेच आहे. बेल्जियममध्ये पगार महागाई निर्देशांकाला बांधलेले. कामगाराच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तमच. पण २०२२च्या भाववाढीनंतर २०२३च्या जानेवारीत हॉटेल-कॅफे क्षेत्रातले पगार एका दमात सुमारे ११ टक्क्यांनी वाढले, तेव्हा गॅस आणि लोणी आधीच महागलेले होते. सरकारने काहीच केले नाही असेही नाही. २०१०मध्ये जेवणावरचा व्हॅट २१ वरून १२ टक्क्यांवर आणला. मोबदल्यात प्रत्येक बिल नोंदवणारी सरकारी काळी पेटी गल्ल्याला जोडायला लावली. २०१५च्या अखेरीस कमी करांचे जोडकाम सुरू केले, म्हणजे एखादी शिक्षिका शनिवारी संध्याकाळी वाढपाला येऊ शकते. तरीही पूर्णवेळ नोकर ठेवणे वीस खुर्च्यांच्या जागेला झेपत नाही. मग नवरा चुलीपाशी, बायको टेबलांवर. सोमवार-मंगळवार बंद. दुपारी दोननंतर भटारखाना बंद तो सहाला उघडणार. पर्यटक याला आळस म्हणतात. दोन माणसांनी तीन तासांचा रस्सा, दोनदा तळलेले बटाटे आणि भांडी एवढे आठवड्याचे सातही दिवस ओढावे, अशी ज्यांची अपेक्षा असेल त्यांनी आधी स्वतःच्या घरी तसे करून पाहावे.

म्हणून या बिस्त्रोंचे ‘नाही’ हे त्यांच्या ‘हो’इतकेच मानाने घ्यायला हवे. यात बदल करून द्या, नाही. दोघांत एक, चार ताटल्या, नाही. साडेतीनला जेवण, नाही. आपल्याकडे बडीशेपेच्या बशीतून न मागता बिल येते आणि त्यातला इशारा लहान मुलालाही कळतो. तिथे मागितल्याशिवाय बिल येत नाही. टेबल एकदा तुमचे झाले की ती संध्याकाळ तुमची. दराच्या आत सेवा आणि कर धरलेले असतात, टिप देण्याची सक्ती नाही. स्टोफव्लेस-फ्रीटच्या ताटाला वीस-पंचवीस युरो पडतात. रुपयांत गुणाकार केला की घास अडकतो, हे खरे. पण तीन तासांची चूल, त्या देशातली मजुरी आणि अख्खी संध्याकाळ त्यात धरली तर तो दर लुबाडणुकीचा नाही.

एका ‘नाही’ची मात्र बाजू घेता येत नाही. नळाचे पाणी. शेजारच्या फ्रान्समध्ये सुरई मागितली की फुकट येते. बेल्जियममध्ये ‘साधे पाणी’ म्हटले की बाटली येते, आणि तिची किंमत बिअरला लाजवते. नळाचे पाणी मागणाऱ्याकडे अनेक ठिकाणी असे बघतात, जणू त्याने गल्ल्यात हात घातला. मालकांचे म्हणणे असे की पेयांवरचा नफाच जेवणाचा तोटा भरून काढतो. असेल. मग ते दोन युरो ताटाच्या दरात मिळवावेत, कुणी तक्रार करणार नाही. दारी आलेल्याच्या हाती आधी पाण्याचा तांब्या देणाऱ्या मुलखातून गेलेल्या माणसाला ही गोष्ट अर्थशास्त्र समजूनही खुपतेच.

खोट्या खेडवळपणाचाही बाजार आता जोरात आहे. जुन्या कॅफेंच्या भिंती तपकिरी झाल्या त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तंबाखूच्या धुराने. कॅफेत धूम्रपान बंद झाले २०११मध्ये. आज नव्या जागेत तोच रंग डब्यातून येतो, लाकूड मुद्दाम घासून म्हातारे केले जाते, भिंतीवर कुणाच्याही नसलेल्या आजीचा फोटो लागतो. ब्रसेल्सच्या मध्यात, खाटकांच्या नावाच्या त्या अरुंद गल्लीत बर्फावर मांडलेले कोळंबीचे ढीग आणि दारात उभे राहून पाच भाषांत हाका मारणारे लोक दिसतात. त्या गल्लीत चांगल्या, जुन्या जागाही आहेत. पण साधा ठोकताळा असा की जिथे दारात उभे राहून बोलावतात, तिथे आत कुणी वाट पाहण्यासारखे काही शिजत नसते. खऱ्या बिस्त्रोच्या मालकिणीला दारात उभे राहायला वेळच नसतो.

सहल कंपन्यांना एक सुचवता येईल. एका संध्याकाळचे जेवण पॅकेजमधून काढावे, त्याचे पैसे प्रवाशांच्या हातात द्यावेत आणि ब्रसेल्सच्या मारोल वस्तीत किंवा गेंटच्या जुन्या गल्ल्यांत तीन तास मोकळे सोडावे. सगळे जाणार नाहीत. चाळिसांतले दहा जातील, उरलेले डब्यातले ठेपले काढतील, आणि त्यातही काही वाईट नाही. चाळीस जणांनी एकदम एकाच बिस्त्रोत घुसणे हे तर टाळायलाच हवे. तिथे तेवढ्या खुर्च्याही नसतात आणि तेवढा रस्साही नसतो.

जे दहा जातील त्यांनी मात्र सातच्या आत पोचावे. साडेआठच्या सुमारास मालकीणबाई ओले फडके घेऊन बाहेर येतात, फळ्यावरची पहिली ओळ पुसतात आणि पुन्हा आत जातात. उरतात चार पदार्थ.